चिठ्ठी न निघालेल्या

"चिठ्ठ्या? देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या तुम्ही?" म्हणत चंद्रमौली सार खुर्चीतून उभेच राहिले.

मंगलाला वाटलं, झालं, आता हा माणूस हसणार. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा, मद्रासहून आलेला, त्याच्यापुढे विठोबाचं नाव काढायलाच नको होतं. पण त्यानं विचारलं की शिवणवर्गात बायका कशा निवडल्या, आणि तिनं घडलं तसं सांगून टाकलं.

वर्षापूर्वी घडलं होतं ते असं. बर्मातून परतलेली माणसं अरसलार नदीपलीकडे, एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या गुदामांत राहत होती. काही जपान्यांच्या लढाईत पायी चालत आलेली, काही नंतर तिकडे बंडाळी माजली तेव्हा बोटीनं. बापजादे इथले, तंजावर जिल्ह्यातलेच, पण दोनतीन पिढ्या रंगूनकडे गेलेल्या, म्हणून कुंभकोणमला ती सगळी 'बर्मावाली'. गावातल्या चार भल्या माणसांनी साह्य समिती काढली, शिवणयंत्रं आणली आणि वर्ग चालवायला मंगलाला बोलावलं. यंत्रं मोजकी आणि दारात बायकांची ही झुंबड. हिला घेतलं तर ती रुसते, तिला घेतलं तर हिचा नवरा भांडायला येतो. मग मंगलानं घरी करायचे तेच केलं. तिचं घर तंजावरकडच्या मराठी शिंप्यांचं. भोसले राजांच्या मागून आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या कात्री चालवणारं. त्या घरात काही अडलं की विठोबाच्या पायाशी चिठ्ठ्या टाकायच्या, एक उचलायची, आणि मग त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही.

"म्हणजे हुशार कोण, गरजू कोण, ओळखीची कोण, असं काहीच पाहिलं नाही?"

"नाही सार. पाहून निवडलं असतं तर बायकांनी मला नदीत ढकललं असतं."

सार खोलीत दोन फेऱ्या मारून आले. डोळे नुसते चमकत होते. "टीचर, तुम्ही काय करून ठेवलंय ते कळतंय का तुम्हाला? एरवी वर्गात कोण येतं? जिला हौस आहे, जिच्या अंगात धमक आहे ती. पुढे तिचं बरं झालं, तर ते वर्गामुळं की धमक होती म्हणून, कसं सांगणार? पण तुमच्याकडं धमकवाल्या दोन्हीकडं सारख्याच गेल्या. चिठ्ठी निघालेल्या इकडं, न निघालेल्या तिकडं. मधला फरक फक्त नशिबाचा आणि तुमच्या वर्गाचा. आता दोन्हींची घरं जाऊन पाहिली, की वर्गानं काय दिलं ते उघड दिसेल."

"दिसू दे की," मंगला म्हणाली. तिला भीती कसली? तिच्या बायका सरळ शिवण घालत होत्या, काजं करत होत्या, झंपर तर असा बेतायच्या की बघत राहावं. आणि दिवाळीआधी समितीची बैठक होती. सरकारचे पैसे येणार होते. वर्ग दुप्पट करायचा, पक्की खोली बांधायची, मंगलाला मुख्य शिक्षिका करायचं, असं समितीचे चिटणीस शेषाद्री वकील बोलून चुकले होते. सारांनी ते सगळं पुराव्यानिशी लिहून दिलं की काम फत्ते. मंगला नवऱ्याच्या माघारी वडिलांकडे राहायची, आणि त्या अप्पांची, तुकोजी शिंप्यांची, नजर गेल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं. तिला हे हवंच होतं, अगदी मनापासून.

"मी आजच निघते," ती म्हणाली. "माझ्या एकेकीला विचारून येते."

"तुम्ही नाही," सार म्हणाले. "तुमच्या बायका तुम्हाला खोटं सांगतील. प्रेमानं सांगतील, पण खोटंच. तुमच्या विद्यार्थिनींकडं मी जातो. तुम्ही चिठ्ठी न निघालेल्यांकडं जा."

"त्या मला दारात तरी उभं करतील का?"

"नाही केलं तर तेही लिहू."

आता विचारायचं काय? मिळकत विचारली की सगळं जग खोटं बोलतं, हे दोघांनाही ठाऊक. मंगला म्हणाली, पाणी मागू या. कुंभकोणमसारख्या भांड्यांच्या गावात बाई दारात आलेल्याला पाणी देते ते घरातल्या सगळ्यात चांगल्या भांड्यातून. पितळी तांब्यातून आलं तर घर उभं आहे. मातीच्या मडक्यातून आलं तर तांब्या गहाण पडलाय. सारांना ते इतकं पटलं की त्यांनी लगेच लिहूनच घेतलं. वर विचारलं, "पण सगळ्यांकडचं पाणी पिणार तुम्ही?"

"पिणार," मंगला म्हणाली. "घरी नाही सांगणार."

पहिलं दार भुवनेश्वरीचं. चिठ्ठी निघाली नव्हती त्या दिवशी हीच बाई रडली नव्हती, भांडली नव्हती, नुसती पदर झटकून निघून गेली होती. आज ती गुदामाच्या ओट्यावर शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या बांधत होती.

"या टीचरम्मा," ती मान वर न करता म्हणाली. "माझी चिठ्ठी आज निघाली वाटतं?"

"पाणी मागायला आले."

"तुमच्या विठोबाकडं पाणी नाही का मिळत?"

पण उठली. आत गेली, आणि तांब्या घेऊन आली. पितळी, चिंचेनं घासलेला, असा लखलखीत की मंगलाला त्यात आपलंच तोंड दिसलं, आणि ते जरा ओशाळं दिसलं.

"चाललंय काय सध्या?"

"काय चालणार? पहाटेच्या गाडीनं तिरुविडैमरुदूरला जाते. शेतावरून शेंगा, पालेभाजी, केळीची पानं घेते. उन्हं वर यायच्या आत मंडईत. रंगूनला माझी आई बाजारात बसायची, मी तिच्या मांडीवर वाढले. आमच्याकडं तिकडं बाईनंच बाजार करायचा. पुरुषानं केला तर हसायचे."

"मग इथं अडचण नाही आली?"

भुवनेश्वरी पहिल्यांदा हसली. "नाही कशी? पहिल्या दिवशी मंडईवाल्यांनी टोपली उचलून फेकून दिली माझी. विचारलं, तू कोणाचं माणूस? मी म्हटलं, नवऱ्याचं. ते हसले. मग कोपऱ्यावरच्या कॉफी हॉटेलवाल्याला दया आली. त्याला म्हटलं होतं मी, तुझ्याकडं पानं स्वस्तात टाकते. तो आला आणि म्हणाला, ही माझी आहे, बसू द्या. बस्स. त्या दिवसापासून कुणी हात लावला नाही." जुडी गच्च आवळत ती पुढे म्हणाली, "तुमच्या वर्गात बसले असते तर हे जमलं नसतं, टीचरम्मा. वर्षभर यंत्राला पाय लावून बसले असते."

मंगला दिवसभर फिरली. एकीनं गजरे विकायला सुरुवात केलेली, एक स्टेशनबाहेर इडली लावायची, एक विड्याच्या पानांची चळत करायला जायची. सगळ्यांचंच छान होतं असं नाही. दोघीतिघींकडं मातीचं मडकंच पुढं आलं. पण ज्यांच्याकडं पितळ होतं त्या सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट यायची, अमका आला आणि म्हणाला, ही माझी आहे. कुठं हॉटेलवाला, कुठं एखाद्या देवळाचा पुजारी, कुठं नुसती शेजारीण.

दुसऱ्या दिवशी सार आले ते सायकल भिंतीला टेकवून वहीतच पाहत राहिले.

"बोला की," मंगला म्हणाली.

"मडकं," सार म्हणाले. "बहुतेक ठिकाणी मडकं."

"शिवकामीकडं?"

"शिवकामीकडं तर मडकंसुद्धा शेजारच्या घरातलं होतं."

शिवकामी! वर्गातली सगळ्यात सरस. तिच्या हातची शिवण उलटी करून पाहिली तरी सुलटीसारखी दिसायची. कापड येत नाही म्हणून ती घरी बसून होती, कोणाला सांगायची लाज म्हणून टीचरलासुद्धा बोलली नव्हती.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, सारांचं काहीतरी चुकलंय. मंगलाही पाच मिनिटं तसंच म्हणाली. मग म्हणाली, "मला एक गोष्ट करून बघायची आहे, सार. नंतर तुमचं ते काय असेल ते लिहा."

मोठ्या रस्त्यावरच्या अलमेलू मामी म्हणजे मंगलाच्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या सुनेचा झंपर शिवायला आलेला होता. मंगलानं तो बेतला, आणि शिवायला शिवकामीच्या हातात दिला. वर्गात, आपल्या डोळ्यांदेखत. मग स्वतः नेऊन दिला.

मामींनी झंपर उजेडात धरला, बाही ओढून पाहिली, आतून बोट फिरवलं. "हात म्हणजे हात," त्या म्हणाल्या. "तुकोजींचाच हात उतरलाय तुझ्यात. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही हे."

"मामी, हा मी नाही शिवला. माझ्या वर्गातल्या शिवकामीनं शिवला."

"असं?" मामींनी परत उजेडात धरला. "छान शिवलाय की."

"मग पुढचं कापड तिलाच द्या. तुमच्या दारात येऊन घेऊन जाईल. माझ्याहून कमी घेईल."

मामींनी झंपराची घडी घातली. वाईट माणूस नव्हती ती, अगदी मऊ आवाजात बोलली. "मंगला, मापाला म्हणून मी माझा अंगातला जुना झंपर देते. तुला देते, कारण तुझा बाप मला ठाऊक, तुझी आजी ठाऊक, तुमच्या घरात पानात काय वाढतात तेही ठाऊक. तो झंपर घेऊन ती बाई नदीपलीकडं जाणार. कुठल्या घरात टांगणार, कोण बघणार, कोण हात लावणार? कसं देऊ सांग. तू शिवून आण ना. आतून कुणी का शिवेना."

मंगला रस्त्याला लागली तेव्हा तिचे कान तापले होते. इतकी वर्षं तिला वाटत होतं की माणसं तिच्या हाताला कापड देतात. तेच ती त्या बायकांना शिकवत आली होती, हात चांगला झाला की कापड आपोआप येतं. आणि हा तर सगळा तुकोजींच्या ओट्याचा प्रताप. तिनं वर्षभर बायकांना हात दिला होता, ओटा कुठून देणार होती?

घरी अप्पा दिवेलागणीला ओट्यावर बसून होते. पावलांवरून त्यांना कळलं.

"कां गे, इतक्या उशिरां? कोठें गेलतीस?"

तिनं सगळं सांगितलं. पाण्याचं सोडून.

तुकोजींनी गुडघ्यावर बोटं वाजवली. "मग बैठकींत काय बोलशील?"

"झालं तें. वर्गानं काहीं झालं नाहीं म्हणून."

"उगी रहा," अप्पा म्हणाले. "मज दिसत नाहीं, पण चूल पेटलीय कीं नाहीं तें कळतं. ते चांगली माणसं आहेत. त्यांस वर्ग पायजे, तुज वर्ग पायजे, सरकार पैसे देतंय. तूं कशास मधें येतीस?"

"त्या बायकांस नक्को आहे अप्पा. त्यांस दुसरं पायजे."

"त्यांनी सांगिटलं?"

"विचारलंच नव्हतं कोणी."

अप्पा हसले, पण कडू हसले. "आपले म्हातारे आले तेव्हां तेही बर्मावालेच होते या गावांस. राजवाड्यांतून कोणी एक आला, बोलला हे आमचे शिंपी. तेव्हांपासून अवघे अस्के लोक कापड देतात." मग म्हणाले, "पण त्यासाठीं कोणाची चूल विझवावी लागली नव्हती. हें मी आपलं बोलून ठेवतों. करशील तें तूंच."

"करणारच आहे," मंगला म्हणाली आणि आत भात चढवायला गेली.

बैठक शेषाद्री वकिलांच्या घरी, दुपारी, मधल्या अंगणात. कॉफी आली, पान आलं. सारांनी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे कौतुकानं माना डोलवत होते, आणि मग पितळ आणि मडकं सांगितलं तेव्हा माना थांबल्या.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "प्राध्यापक, एका वर्षात काय समजतं? आपण असं लिहू या की वर्गाचा परिणाम दिसायला अजून अवकाश हवा. दोन वर्षं देऊ. काय टीचर?"

चंद्रमौली सारसुद्धा, बघा, तेसुद्धा तिच्याकडं पाहून म्हणाले, "तसं लिहिता येईल. ते अगदीच खोटं नाही." त्यांना तिची चूल दिसत होती.

"नको सार," मंगला उभी राहून म्हणाली. अंगणातल्या पुरुषांपुढं ती पहिल्यांदाच उभी राहून बोलत होती. "दोन वर्षं म्हणजे अजून इतक्या बायका माझ्यापुढं येऊन बसणार. मी त्यांना शिकवणार, त्या शिकणार, आणि घरी जाऊन मडक्यातलं पाणी पिणार. मला चांगलं शिकवता येतं हो. त्यानं काही होत नाही एवढंच."

"मग काय करायचं म्हणता?"

"मंडईतली मागची रांग यंदा मक्त्यानं सुटणार आहे. वर्गाच्या पैशात ती समितीनं घ्यावी. आणि बसणाऱ्या एकेका बाईमागं तुमच्यातल्या एकेकानं उभं राहावं. पदरचे पैसे नकोत. मंडईत येऊन एवढंच म्हणायचं, ही आमची आहे."

कुणीतरी पानाचा देठ मोडला. एक जण म्हणाला, "पैसे देणं सोपं होतं." सगळे हसले, आणि हसता हसता हो म्हणून गेले. वकीलसाहेब शेवटी म्हणाले, "टीचर, मंडईत शिवणशिक्षिका लागत नाही, हे लक्षात आहे ना तुमच्या?"

"आहे," मंगला म्हणाली.

दिवाळीनंतर समितीनं ती रांग मक्त्यानं घेतली आणि यंत्रं विकली गेली. न्यायला आलेल्या माणसानं एक यंत्र चिंधी घालून चालवून पाहिलं, तर मंगलाच्या तोंडून निघालंच, "हळू, पायाला घाई नको." तो दचकला आणि हळू झाला.

आणि मग मंडईचा पहिला दिवस. नदीवरून गार वारा येत होता, बायका टोपल्या डोक्यावर घेऊनच उभ्या होत्या, कारण सगळ्या मंडईच्या मक्तेदाराचा माणूस, मणी, रांगेच्या तोंडाशी आडवं फळकूट टाकून बसला होता. भुवनेश्वरी सगळ्यांना कुठला माल कुठं मांडायचा ते बजावत होती. शिवकामी शेवटी उभी होती, केळीच्या पानांची टोपली घेऊन, मान खाली घालून.

"कोणाचं माणूस?" मणीनं पहिलीला विचारलं.

"समितीचं."

"समिती म्हणजे कोण? नाक-डोळे असलेलं कुणी दाखवा."

कुणी नव्हतंच. वकीलसाहेबांनी निरोप पाठवला होता, तंजावरच्या कोर्टात तारीख आहे. एकाच्या घरी श्राद्ध. एकाला पडसं. आले होते ते एकटे चंद्रमौली सार, केस न विंचरता, सायकल हाणत.

"मी उभा राहतो," सार धापा टाकत म्हणाले.

मणीनं त्यांना खालून वर पाहिलं. "तुम्ही कुठले, सार?"

"मद्रास. मैलापूर."

"मग तुमच्यामागं कोण उभं राहणार?"

रांगेतल्या जुन्या भाजीवाल्या खिदळल्या. सारांनी चष्मा पुसायला काढला. बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्या जड होत चालल्या होत्या, आणि मागून एक जण म्हणालाही, चला चला, वाट सोडा. भुवनेश्वरीचं तोंड उघडलं होतं भांडायला, तेवढ्यात मंगला पुढं झाली. तिच्या घराण्यातली बाई मंडईत कधी उभी राहिली नव्हती. भाजी दारावर यायची.

"मी उभी राहते."

"तुम्ही कोण, अम्मा?"

"तुकोजी शिंप्यांची मुलगी. मंगला."

"टेलर तुकोजी? ओट्यावर बसतात ते?" मणी जरा सावरून बसला. "माझ्या लग्नातला सदरा त्यांनी शिवला होता. कोणासाठी उभ्या राहताय?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी? अम्मा, एकीनं भांडण काढलं, एकीनं कुजका माल विकला, उद्या एखादी भाडं न देता पळून गेली, तर मी कुणाच्या दारात येऊ?"

"माझ्या. दार ठाऊक आहे तुम्हाला."

मणीनं बायकांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि फळकुटाला हात घातला. मग सहज, काही मनात न ठेवता, विचारलं, "तुम्ही काय करता हल्ली? वर्ग बंद झाला म्हणतात."

मंगलाच्या तोंडाशी 'शिकवते' हा जुना शब्द आला होता. तो तिनं गिळला.

"सध्या काही नाही," ती म्हणाली, आणि शिवकामीला टोपली उतरवायला जागा व्हावी म्हणून बाजूला सरकली.